रुमालाखालचा भाव

घोडेगाव, ९ नोव्हेंबर २०२५

गनीभाई,

माझा नंबर तू ब्लॉक केलास हे मला तुझ्या आयेशानं सांगितलं. बरं केलंस. टपालानं आलेलं पत्र ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. फाडायचं असेल तर खुशाल फाड. फाडता फाडता माणूस दोन ओळी वाचतोच, तेवढ्या मला पुरे आहेत.

एक आधीच सांगून ठेवतो. मी माफी मागायला बसलेलो नाही. एखादा सिनेमा मला आवडला आणि तुला नाही आवडला, यात माफीचा काय संबंध? पस्तीस वर्षं आपण शेजारी बसून सिनेमे बघतोय. त्यातल्या निम्म्यांवर आपलं पटलं नाही. म्हणून कधी तू बाजारातली दलाली सोडून नेवाशाला लेकीच्या घरी जाऊन बसला नव्हतास. या खेपेला बसलास. बस.

काल मी नगरला जाऊन आलो. शुक्रवारी बाजार, शनिवारी दुपारचा खेळ, हा नेम तू मोडलास म्हणून मी का मोडू? उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता, त्यामुळं आत शिरलो तोवर पडद्यावरची नावं येऊन गेली होती. तशी नावं आपण कधी लक्षात ठेवली? आपले सिनेमे म्हणजे भुताचा, बोटीचा, दोन बायकांचा. कालचा विहिरीचा होता.

विहिरीचा सिनेमा परदेशात बक्षीस मिळवून आलाय. त्यात एक बाई विहिरीत डोकावते. मध्यंतरापर्यंत डोकावते. मध्यंतरानंतर तिचा नवरा डोकावतो. गावातली माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. मला सांग, आपल्याकडं कुणी विहिरीत वाकून बघितलं तर दहाजण गोळा होऊन काय पडलं, कुणाचं पडलं, कुणी पाडलं, असा गिल्ला करतील की नाही? पण त्यात एक म्हैस आहे, जाफराबादी. तिनं सगळ्या नटांना खाऊन टाकलंय. चार मिनिटं नुसती रवंथ करते, पण आपली नजर तिच्यावरून हलत नाही. फक्त गोष्टीत ती काल व्याली म्हणतात आणि कास बघितली तर दूध आटत आलेलं. हे मी शेजारच्या बाईंना सांगितलं, तर त्या उठून दुसरीकडं बसल्या. तू असतास तर सांगावंही लागलं नसतं.

सिनेमाचा भाव मात्र पत्रात लिहिणार नाही. कायदा तूच काढलास, तो मी पाळतो. खेळ सुटल्यावर तारकपूर स्टँडच्या बाकावर टेकेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मग बाजारात बैलाचा भाव करतो तसा हातावर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांचा हात धरायचा आणि दोघांनी एकदम बोटं दाबायची, म्हणजे एकाचं बघून दुसरा बदलायला नको. पाच बोटं म्हणजे सिनेमा अस्सल. मूठ म्हणजे जनावर रोगी, दावणीला बांधू नका. त्यानंतर घोडेगाव येईपर्यंत गाडीत भांडायचं.

ज्यावरून तू रुसलास त्या बाजाराच्या सिनेमाला मी चार बोटं दाबली. तुझा हात माझ्या हातात नुसता पडून होता. मग तू तो काढून घेतलास आणि गाडीत ड्रायव्हरमागच्या सीटवर एकटा जाऊन बसलास. चार म्हणजे चार, गनीभाई. त्यातली बैलांची पळापळ, धुरळ्यातली मारामारी, कॅमेरा, सगळं एक नंबर आहे. माझा हात खोटा भाव देत नाही आणि दिलेला परत घेत नाही.

गहिनीनाथ


घोडेगाव, २३ नोव्हेंबर

गनीभाई,

उत्तर आलं नाही. आयेशा फोनवर म्हणाली, "काका, अब्बांनी पत्र वाचलं आणि गादीखाली ठेवलं." म्हणजे फाडलं नाहीस.

काल वकिलीणबाईचा पाहिला. सगळा कोर्टात घडतो. बाई बोलायला लागली की न्यायाधीश गालावर हात ठेवून ऐकत राहतो. त्या चोरीच्या म्हशीच्या साक्षीला आपण दोघांनी किती हेलपाटे घातले, आठव. आपलं कुणी गालावर हात ठेवून ऐकलं का? नाव विचारलं, गाव विचारलं, घरी जा म्हणाले. बाईचं काम चांगलं आहे, पण तिला कुणी मध्येच तोडत नाही, तिथंच गोष्ट खोटी पडते.

त्यातला एक साक्षीदार मात्र डोक्यातून जात नाही. चहावाला आहे. समोर चौघं मिळून एका म्हाताऱ्याला हिणवतात आणि हा कपात चहा ओततो, ओततच राहतो, मान म्हणून वर करत नाही. कोर्टात विचारलं तर म्हणतो, माझं लक्ष चहाकडं होतं. असा संताप आला मला त्याचा! लिहिणाऱ्यानं शेवटी त्याला रडवलंय, बघणाऱ्यांनी माफ करावं म्हणून. मी नाही केलं. इतका संताप का आला ते विचारू नकोस.

बाजाराच्या सिनेमाला मी शिट्ट्या मारल्या असं तू आयेशाला सांगितलंस म्हणे. थेटरात दोनशे माणसं होती. अंधारात कोण शिट्टी मारतं ते कुणाला दिसतं? आणि मारली असलीच तर सिनेमाला मारली, तुला नाही. थेटरात शिट्टी मारणं हा गुन्हा कधीपासून झाला?

इकडं बाजारात चिंचेखालची तुझी जागा रिकामी आहे. परवा एकजण म्हणाला, "बरं झालं, एक कमी झाला." मी खोंडाचं दावं सोडवत होतो. माझं लक्ष दाव्याकडं होतं.

आणखी एक. थोरल्या भावाचा हर्षल संध्याकाळी घरी आला होता. माझी जनावरं ज्याच्या टेम्पोतून जातात तो, तुझ्या खांद्यावर बसून यात्रा बघितलेला. बाजाराचा सिनेमा तो १३ डिसेंबरला दुपारी मंगल कार्यालयात पडदा लावून गावाला फुकट दाखवणार आहे. त्याआधी मी बोलावं म्हणतो. "तात्या, तुमी बाजारातलं जुनं मानूस. रुमालाखाली ही मान्सं कशी फसवत्यात, तेवढं सांगा. तुमचं लोक ऐकत्यात." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यानं बोर्डावर माझं नाव टाकून टाकलं. बनू तेव्हापासून माझ्याशी ताटापुरतं बोलते. या बाईला मी चाळीस वर्षं ओळखतो, ती रागावली की भाकरी जास्त चांगली करते. सध्या भाकरी फार चांगली होते आहे.

गहिनीनाथ


घोडेगाव, ७ डिसेंबर

गनी,

हर्षलनं बाजाराचा सिनेमा माझ्या मोबाईलवर पाठवला, भाषणाची तयारी करा म्हणून. काल दुपारी गोठ्यात बसून पुन्हा पाहिला. बनूला शेजारी बसवून घेतलं.

थेटरात आवाज असतो. छातीत ढोल वाजायला लागला की डोकं बंद पडतं, आणि मला तर ते बंद पडावं असंच वाटत असतं, त्याचेच पैसे देतो आपण. मोबाईलवर आवाज किडकिडीत येतो. मग चित्र दिसायला लागतं. तो व्यापारी आला. डोक्यावर टोपी, डोळ्यात सुरमा, दर वाक्याला हसतो. बैलाची वेसण त्यानं अशी धरली आहे की खऱ्या बैलानं त्याला उचलून फेकला असता. आपल्या बाजारात टोपीवाले आहेत, फेटेवाले आहेत, मी स्वतः आहे, पण असा हसणारा एकही मी बघितला नाही. मग तो खिशातून रुमाल काढतो. दुसऱ्या दलालाचा हात धरून वर पसरतो. कॅमेरा रुमालावर जातो, खाली बोटं हलतात आणि मागं नाग निघाल्यासारखं वाजतं. हिरो येतो. "या रुमालाखाली आपली लक्ष्मी चोरली जाते!" असं ओरडून तो रुमाल हिसकावतो आणि व्यापाऱ्याच्या मुस्काटात ठेवून देतो.

बनूनं मोबाईल माझ्या हातून घेतला, जवळ धरून बघितला. म्हणाली, "ह्यो रुमाल तर तुमचाच हाय की. तुमच्यावानीच बोटं दाबतोय त्यो." मग मोबाईल परत देत म्हणाली, "आन् ह्ये दावाया गनीभाईला न्हेलतं व्हय तुमी?"

आता लिहितो.

शिट्टी मी मारली. तोंडात दोन बोटं घालून, मिरजगावच्या रस्त्यावर जनावरं हाकताना तू मला शिकवलीस, तीच. हिरोचा हात सुटला की माझी बोटं आपोआप तोंडात जातात, हे खरं आहे. पण ते पहिल्या शिट्टीचं झालं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ए चाचा, बघ की! झोपला काय?" आणि चारजण हसले. ते तुला म्हणाले. तुझ्या टोपीकडं बघून म्हणाले. मी ऐकलं, गनी. स्वच्छ ऐकलं. मागं वळायला पाहिजे होतं. मी पडद्याकडंच बघत दुसरी शिट्टी मारली, पहिलीपेक्षा मोठी, म्हणजे मला काही ऐकूच आलं नाही असं वाटावं. त्यांनाही आणि तुलाही.

आणि तासाभरानं स्टँडवर मी तुझ्यासमोर रुमाल धरला. ज्या रुमालाला पडद्यावर चोराची खूण केलं होतं, तोच. वर चार बोटं दाबली. तुझा हात का पडून होता, हे समजायला मला दीड महिना आणि बनू लागली.

लाज वाटते मला. पहिल्या पत्रात केवढा ताठा केला, कॅमेरा काय न् बैलांची पळापळ काय. तो सगळा ताठा मागं घेतो. नुसतं माफ कर असं मात्र लिहीत नाही. घरात बसून कागदावर लिहायला काय लागतं? गोष्ट चारचौघांत झाली.

हर्षलनं बोर्डावर माझं नाव टाकलंय ना? मग मी बोलणार. काय बोलणार ते त्याला सांगितलेलं नाही.

नाथा


घोडेगाव, १४ डिसेंबर

गनी,

कालचा शनिवार नगरला गेलो नाही. कार्यालयात गेलो. तुझ्या कानावर काय काय येईल ते येऊ दे, माझ्या तोंडचं आधी ऐक.

तीनशे माणूस होतं. हर्षलनं मला हार घातला, माईक दिला. मी खिशातला रुमाल काढला आणि त्याला म्हटलं, "हात दे." त्याला वाटलं मी फसवाफसवी करून दाखवतोय, खूश होऊन त्यानं हात पुढं केला. मी वर रुमाल टाकला, बोटं दाबली आणि म्हटलं, "किती दाबली ते गावाला सांगू नको. आता मंडळी, तुम्हाला कुणाला कळलं? नाही ना? यासाठी हा रुमाल आहे. घरात नड असलेला माणूस दावणीचं जनावर बाजारात आणतो, पडेल भावानं विकतो. त्याची नड बाजारभर होऊ नये, उद्या सोयऱ्याधायऱ्यांत त्याची मान खाली जाऊ नये, म्हणून वर फडकं टाकतात. हे चोराचं फडकं नाही. विकणाऱ्याची लाज राखणारं आहे."

पुढं मी ते सांगितलं जे तू मला कधीच कुणाला सांगू दिलं नाहीस. बनूच्या ऑपरेशनच्या वर्षी मी माझी स्वतःची खिल्लारी जोडी विकायला आणली होती. कोणी हात पुढं करेना. तू केलास. "त्या रुमालाखाली गनीभाईनं मला काय दिलं ते आजवर बनूलाही माहीत नाही. आणि तुम्ही त्या रुमालाला चोर म्हणता?"

पुढच्या रांगेतून सहादेव, तोच, ज्यानं दुष्काळात गाई विकल्या, उभा राहून म्हणाला, "खरं हाय. माझा भाव बी अजून कुनाला ठावं न्हाई." तिथपर्यंत लोक ऐकत होते.

मग मी थेटरातलं सांगितलं. शिट्टीचं, मागच्या रांगेचं, सगळं. हर्षलनं माईक बंद केला. गलका सुरू झाला. कुणी म्हणे खाली बसा, कुणी म्हणे किती पैसे मिळाले तात्या. माझा आवाज काही पोचेना. तेव्हा मी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की बाहेर बांधलेली बैलजोडी उभी राहिली. कार्यालय गपगार. मी म्हटलं, "पस्तीस वर्षांत सिनेमाचा भाव मी उघड्यावर कधी सांगितला नाही. आज सांगतो." आणि हात वर करून मूठ दाखवली. मग रुमाल घडी केला आणि चालत घरी आलो.

सिनेमा त्यांनी दाखवलाच. निम्मी माणसं बसून राहिली, शिट्ट्या घरापर्यंत ऐकू आल्या. असं काही झालं नाही की सगळे माझ्यामागं उठून आले. तसं फक्त सिनेमात होतं आणि तेव्हा आपण दोघं हसतो.

हर्षल रात्री आला नाही, निरोप आला की टेम्पो दुसरा बघा. बघेन. पायी हाकत नेईन, पाय आहेत अजून. दोन दलालांनी सकाळी माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. त्यांच्या तोंडात बघण्यासारखं काही नव्हतंच. बनू एवढंच म्हणाली, "लई बोललात. आता जेवा." भाकरी जरा करपली होती. मला फार बरं वाटलं.

आता तुझं-माझं. नगरला नवा सिनेमा लागलाय, घड्याळाचा. शनिवारी २० तारखेला दुपारच्या खेळाला मी जाणार. नेवाशाची गाडी घोडेगावावरूनच जाते, तू कधी खिडकीतून बाजाराकडं बघत असशील की नाही, कोण जाणे. आलास तर माझ्या शेजारी बसू नकोस, लांब बस. खेळ सुटल्यावर मी तारकपूरच्या आपल्या बाकावर हातावर रुमाल टाकून बसेन. मान वर करणार नाही, तुला न येता माघारी जायचं असेल तर अवघड वाटायला नको.

बोलायचं नाही. रुमालाखाली हात घाल. सिनेमाचा भाव नंतर, आधी माझा सांग. पस्तीस वर्षं शेजारी बसलेल्या आणि एकदा मागं न वळलेल्या माणसाला किती बोटं? मूठ दिलीस तर मूठ घेईन. मी काही दाबणार नाही. या खेपेला माझा हात नुसता पडून राहील.

नाथा


घोडेगाव, २१ डिसेंबर

गनी,

मी घोडेगावला उतरलो तेव्हा बनू दारातच उभी होती. "आल्ते का?" म्हटलं, "आल्ते." "किती बोटं दाबली?" मी पाय धुवायला मोरीत गेलो. जेवताना पुन्हा विचारलं, झोपताना पुन्हा विचारलं. आज सकाळी भाकरी इतकी चांगली झाली आहे की विचारू नकोस. तू किती दाबलीस ते तिला कळणार नाही, हर्षलला कळणार नाही आणि मी या कागदावरही लिहिणार नाही. एवढंच लिहितो, की बाकावरून उठताना माझे गुडघे दुखले नाहीत.

पण त्यानंतर घड्याळाच्या सिनेमाला तू तीन बोटं दाबलीस, त्याचं काय? तीन? त्या म्हाताऱ्या घड्याळजीच्या कामाला? तो बंद घड्याळ कानाला लावतो आणि बायको विचारते, काय म्हणतंय, आणि हा म्हणतो, थांब, ऐकू दे. तिथं माझे डोळे भरले आणि तू म्हणतोस शेवट लांबला! तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि "पाच बोटं दाबायला तुझं काय जातं, नाथा" असं वर ऐकवलंस. दोन महिन्यांनंतर तुझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे!

गाडीत भांडण अर्धं राहिलं, घोडेगाव आलं. चिंचेखालची जागा मी आज झाडून घेतली. उरलेलं भांडण शुक्रवारी तिथं, भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

नाथा